हातपाय गळणे आणि गाळणे

इंग्रजी पेपर रोज वाचणाऱ्याला 'डिस्मे' हा शब्द आठवड्यातून एकदा तरी भेटतोच. कुठल्या तरी कोर्टानं कुणाच्या तरी कारभाराबद्दल 'डिस्मे' व्यक्त केलेला असतो, एखाद्या खेळाडूला संघातून वगळल्यामुळे चाहत्यांना 'डिस्मे' झालेला असतो, आणि परराष्ट्र खात्यांच्या पत्रकांत तर तो लोणच्यासारखा कायम वाढलेलाच असतो. तीच बातमी मराठीत येते तेव्हा तिथे 'नाराजी' असते. कधी 'निराशा', कधी 'खेद', कधी 'चिंता'. डिक्शनरी उघडावी तर भीती, खिन्नता, नैराश्य, धक्का... सगळं थोडं थोडं आहे, आणि तरीही शब्द हाताला लागला असं काही वाटत नाही.

माझी भाची ठाण्याला राहते, अकरावीत आहे. तिनं मध्यंतरी फोनवर विचारलं, "मामा, डिस्मे म्हणजे सॅड की स्केअर्ड?" मी म्हटलं, दोन्ही नाही. मग काय? ते तिला समजावताना जे सुचत गेलं, ते इथे जरा सविस्तर लिहितोय. कुणाला हा शब्दांचा कीस वाटेल. वाटू दे. पण अडचणीत सापडलेल्या माणसाशी आपण कसं वागतो याच्याशी या किसाचा जवळचा संबंध आहे असं माझं मत आहे, आणि ते शेवटपर्यंत वाचल्यावर तुम्हालाही पटेल अशी आशा आहे.

आधी शब्दाचं मूळ. शाळेत असताना वर्गाच्या दारात उभं राहून आपण सगळ्यांनी "मे आय कम इन, सर?" म्हटलेलं आहे. त्यातला 'मे' आता परवानगीचा आहे, पण फार पूर्वी त्याचा अर्थ 'मला शक्य आहे', 'माझ्यात तेवढं बळ आहे' असा होता. इंग्रजीत ताकदीला 'माइट' म्हणतात, तो याच 'मे'चा सख्खा भाऊ. 'डिस्मे'मधला 'मे' याच घराण्यातला आहे. तो जर्मन वंशाच्या भाषांतून फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून साधारण सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत आला. पुढे 'डिस' लागला. म्हणजे ज्याच्यातला 'मे' काढून घेतला गेला आहे, तो डिस्मेड. बळ काढून घेतलेला. याच शब्दाचा एक चुलतभाऊ स्पॅनिशमध्ये आहे, 'देस्मायो'. तिकडे त्याचा अर्थ सरळ मूर्च्छा, चक्कर येऊन पडणं.

आता बघा, दुःख, भीती, राग या सगळ्यांत माणसाकडे काहीतरी करायला असतं. दुःखात रडता येतं, भीतीत पळता येतं, रागात भांडता येतं. या शब्दात मात्र माणसाला काही कळलेलं आहे आणि ते कळल्याबरोबर अंगातली शक्तीच गेली आहे. डिस्मे म्हणजे हे. म्हणून 'सॅड की स्केअर्ड' याचं उत्तर दोन्ही नाही.

आता इंग्रजांनी या शब्दाचं काय केलं? जे सगळ्याच भाषा आपल्या भारी शब्दांचं करतात तेच. वापरून वापरून झिजवला. दुकानापर्यंत गेलो आणि दुकान बंद निघालं, तरी 'टू माय डिस्मे'. चहात साखर विसरली, 'टू माय डिस्मे'. पण इंग्रजांना हसण्याआधी आपण आपल्या स्टेशनवर जाऊन यावं. गाडी उशिरा येणार असली की जी उद्घोषणा होते, तिच्या शेवटी 'दिलगीर' येतो. ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या माणसानं आयुष्यात दुसरा कुठलाही फारसी शब्द इतक्या वेळा ऐकलेला नसेल. दिल म्हणजे मन, आणि गीर म्हणजे धरणे. 'जहांगीर' आणि 'गिरफ्तार' यांत आहे तोच. फारसीत दिलगीर म्हणजे उदास, मन जखडलं गेलेला. मराठीतही तो आधी खिन्न माणसासाठीच वापरत. आता तो फलाटावर, कुणाचंही मन कुठेही न जखडता, दिवसभर वाजत असतो. आपण तो ऐकतो आणि पुढच्या गाडीचा इंडिकेटर बघतो. शब्दाचं वजन जातं ते असं.

असो. मुद्दा असा की 'डिस्मे'ला मराठीत एक शब्द शोधायला गेलं की आपण फसतो, पण शब्दाऐवजी वाक्प्रचार शोधला तर मराठीत नुसती रांग लागते. आणि गंमत म्हणजे त्यातले बहुतेक सगळे शरीराचे आहेत. हातपाय गळतात. अवसान गळतं. माणूस मटकन खाली बसतो. पायाखालची जमीन सरकते. मन खचतं, म्हणजे भिंत किंवा रस्ता खचतो तसं. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या फ्रेंच माणसाला जे म्हणायचं होतं, ते आमची आजी रोज सकाळ-संध्याकाळ म्हणत असे.

शिवाय या रांगेत पायऱ्याही आहेत. पोराचा हिरमोड होतो. सहल रद्द झाली की. तो संध्याकाळपर्यंत विसरतो. मोठा माणूस अचानक काही कळलं की हबकतो, ते क्षणाचं. त्याचं अवसान गळतं, ते काही दिवसांचं. पुढे धसका, तो आत जाऊन बसतो. आणि सगळ्यात शेवटची पायरी 'हाय खाणे'. अमक्यानं हाय खाल्ली, असं ऐकलं की जुनी माणसं पुढचं विचारत नसत. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, विश्वासराव आणि भाऊसाहेब गेले, आणि नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. त्यांनी पानिपताचा धसका घेतला, असं आपण शाळेपासून वाचत आलो. तिथे 'पेशवे नाराज झाले' असं कुणी लिहिलं असतं तर आपण पुस्तक मिटलं असतं.

अवसान या शब्दाचीही एक मजा आहे. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. पण आपलं गळणारं अवसान ते नव्हे. हिंदी-उर्दूत 'औसान' म्हणतात, म्हणजे भान, प्रसंगावधान, आणि घाबरून भान हरपलं की औसान खता झाले म्हणतात. आपलं अवसान त्या घरातलं दिसतं. 'उसनं अवसान' या शब्दाकडे मी शेवटी परत येणार आहे, तोवर तो बाजूला ठेवू.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मराठीत या प्रत्येक वाक्प्रचाराच्या जोड्या आहेत. हातपाय गळणे आणि हातपाय गाळणे. धीर सुटणे आणि धीर सोडणे. धसका बसणे आणि धसका घेणे. पहिल्या रकान्यातलं माणसाला होतं. दुसऱ्या रकान्यातलं माणूस करतो. व्याकरणात हा एवढासा फरक, अकर्मक आणि सकर्मक. पण व्यवहारात तो फार मोठा आहे, कारण पहिल्या रकान्यात दोष नाही आणि दुसऱ्यात आहे. ज्याचे हातपाय गळले त्याची काळजी वाटते. ज्यानं हातपाय गाळले त्याला चार शब्द सुनवावेसे वाटतात. आणि आपली सगळ्यांची एक सवय आहे. समोरच्या माणसाचे हातपाय गळलेले असतात, आणि आपण त्याला म्हणतो, "अरे, असे हातपाय गाळून बसू नकोस." एका क्षणात त्याला पहिल्या रकान्यातून उचलून दुसऱ्यात टाकतो. हेतू चांगलाच असतो. पण त्याचं अर्धं दुःख आपण त्याच्याच नावावर लिहिलेलं असतं.

या दोन रकान्यांचं सगळ्यात जुनं आणि स्पष्ट उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. गीतेचा पहिला अध्याय. त्याचं नावच अर्जुनविषादयोग. विषाद हा 'सद्' धातूपासून आला, बसणे, खाली जाणे या अर्थाचा. (हिंदीत हल्ली डिप्रेशनला 'अवसाद' म्हणतात, तोही त्याच धातूचा.) त्या अध्यायात अर्जुनाचं जे होतं ते एखाद्या डॉक्टरनं टिपून ठेवल्यासारखं आहे. गात्रं ढिली पडतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचेची आग होते, उभं राहवत नाही. आणि गांडीव हातातून निसटतं. इथे नीट बघा, तो ते टाकत नाही, ते निसटतं. मग तो पुष्कळ बोलतो. कुळाचं काय होईल, पाप कुणाला लागेल, राज्य घेऊन काय करू, एकाहून एक मुद्दे. आणि अध्यायाच्या अगदी शेवटी धनुष्यबाण स्वतः खाली ठेवून रथात बसतो. आधी गळलं, मग गाळलं. कारणं दोहोंच्या मध्ये आली. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक माणसांचं असंच होतं. आधी बळ जातं, आणि मग आपण का काही करत नाही याची कारणं सुचायला लागतात.

आणि श्रीकृष्णानं काय केलं? त्यानंही पहिल्यांदा आपण करतो तेच केलं. मनाचं दुबळेपण टाक, ऊठ, असं सुनावलं. त्याचा उपयोग झाला नाही! अर्जुन आणखी थोडं बोलला, लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. त्यानंतर मात्र समजावत समजावत अठराव्या अध्यायापर्यंत जावं लागलं. लगाम हातात धरून, तिथेच थांबून. साक्षात भगवंताला जे एका वाक्यात जमलं नाही, ते आपण "चिअर अप" किंवा "टेन्शन नको घेऊ यार" या एका वाक्यात करायला बघतो.

हे सगळं मला आठवत राहिलं ते आमच्या कल्याण-डोंबिवलीत घडलेल्या एका प्रकरणामुळे. तुमच्यापैकी इथल्या मंडळींना ते माहीत आहेच. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारती. बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रं तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेली. लोकांनी ती नोंदणी बघून, बँकेचं कर्ज काढून, आयुष्यभराची पुंजी घालून घरं घेतली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. पुढे कोर्टात आणि मंत्रालयात काय काय झालं तो वेगळा आणि लांबलचक विषय आहे, आणि त्यात कोण किती दोषी हे ठरवणारा मी कुणी नाही. मी फक्त त्या पहिल्या आठवड्याबद्दल बोलतोय.

अशाच एका इमारतीत आमच्या ओळखीचं एक जोडपं राहतं. बातमी कळल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं होतं रडारड असेल, नाहीतर बिल्डरच्या नावानं शिव्या असतील. काहीच नव्हतं. घर लख्ख होतं. ते डायनिंग टेबलाशी बसले होते, समोर करारनाम्याची फाईल होती, ती उघडलेली नव्हती. वहिनींनी चहा टाकला आणि गॅस पेटवायच्या राहिल्या. पाच मिनिटांनी माझ्या बायकोनं उठून पेटवला. ते मला म्हणाले, "हप्ता पाच तारखेला जातो. जाणारच." बस, एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी नाही. कुणी तरी बटण बंद केल्यासारखा माणूस.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मी नेहमीचे शब्द वाचले. अशा वेळी 'रहिवाशांमध्ये नाराजी', 'तीव्र संताप', 'नागरिक आक्रमक' हे शब्द ठरलेलेच असतात. मी म्हणत नाही की ते खोटे असतात. मोर्चा निघाला की संताप दिसतोच, आणि कॅमेऱ्याला दिसेल तेच तो दाखवणार. पण मी जे टेबलाशी बसलेलं बघितलं, त्याला नाराजी म्हणणं म्हणजे मोडलेल्या पायाला खरचटलंय म्हणण्यासारखं आहे. नाराज माणसाची समजूत काढतात. चार आश्वासनं दिली, एक बैठक लावली की नाराजी दूर झाली असं पत्रक काढता येतं. चुकीच्या शब्दाचा हाच धोका. शब्द कमी पडला की उपायही तेवढाच कमी पडतो, आणि उपाय करणाऱ्याला वाटतं की आपण पुरेसं केलं.

खरं तर त्या गृहस्थांना राग आला तो आठ-दहा दिवसांनी. फोनवर त्यांनी बिल्डरला, एजंटला, सगळ्या व्यवस्थेला अशा काही शिव्या घातल्या की काय सांगू. मला मनापासून बरं वाटलं! कारण राग यायला बळ लागतं. राग आला म्हणजे हातापायांत काहीतरी परत आलं होतं.

ते कशानं आलं असेल? येणारे जाणारे पुष्कळ होते. "हातपाय गाळू नका" म्हणणारे होते. "सगळं ठीक होईल" म्हणणारेही होते, आणि एक-दोन "घेताना नीट बघायला हवं होतं" म्हणणारेसुद्धा, जे अशा वेळी कुठून कसे उगवतात देव जाणे. पण त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू होत्या. घर त्यांचंही जाणार होतं. त्या रोज सकाळी यायच्या, काही बोलायच्या नाहीत, वहिनींना घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायच्या. करारनामा, पावत्या, कर्जाची कागदपत्रं, प्रत्येकाच्या तीन तीन प्रती. मग सोसायटीच्या मीटिंगला शेजारी बसवायच्या. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थही स्वतःहून फाईल घेऊन खाली उतरले. काकूंनी त्यांना उपदेशाचं एक वाक्य ऐकवलं नव्हतं. त्यांनी धीर दिला होता.

'धीर देणे'. शब्द बघा कसा आहे. समजूत काढतात, सांत्वन करतात, पण धीर देतात. म्हणजे ती द्यायची-घ्यायची वस्तू आहे. एकाकडची संपली तर दुसरा आपल्याकडची देऊ शकतो. आणि इथे ते मघाशी बाजूला ठेवलेलं 'उसनं अवसान' आठवतं. आपण तो शब्द जरा हिणवूनच वापरतो, आतून घाबरलेला माणूस वरून आव आणतो तेव्हा. पण उसनं घेण्यात वाईट काय आहे? आमच्या चाळीत वाटीभर साखर, विरजणाला दही, पाहुणे आले तर गादीसुद्धा उसनी यायची आणि कुणाला त्याची लाज वाटत नसे. ज्याचं अवसान गळलंय त्याला काही दिवस शेजाऱ्याच्या अवसानावर चालवावं लागतं. काकूंकडे तरी कुठे जास्तीचं होतं?

आता कुणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला, आपण सरळ 'शॉक बसला', 'टेन्शन आलं', 'डिप्रेशनमध्ये गेला' म्हणतोच की. म्हणा, माझी हरकत नाही. मी काही शुद्धीवाला नाही, माझ्या या लिखाणातही इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत. आणि डिप्रेशन हा खरोखरचा आजार आहे, तो असेल तर डॉक्टरकडेच जायला हवं, तिथे वाक्प्रचार कामाचे नाहीत. माझं म्हणणं एवढंच की या तीन शब्दांत दोन टोकंच येतात. एक तर क्षणाचा झटका किंवा रोजची किरकिर, नाहीतर एकदम आजार. मधला जो मोठा प्रदेश आहे, जिथे धडधाकट माणसाचं बळ एखाद्या बातमीनं काढून घेतलेलं असतं, त्याला नावच उरत नाही. आणि नाव नाही म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

भाषांतर करणाऱ्या, बातम्या लिहिणाऱ्या ओळखीच्या मंडळींना म्हणून एक सुचवणं. 'डिस्मे' समोर आला की थोडं थांबा. कुणाचा डिस्मे आहे ते बघा. कोर्टाचा किंवा परराष्ट्र खात्याचा असेल तर खुशाल 'नाराजी' लिहा, त्यांच्या अंगातलं बळ गेलेलं नसतं. बंद दुकानाचा असेल तर 'हिरमोड' पुरे. पण ज्याचं घर, नोकरी, पीक किंवा माणूस गेलंय त्याचा असेल, तर 'अवसान गळालं' लिहायला लाजू नका. तो शब्द गावठी नाही, अचूक आहे.

आणि आपण बाकीच्यांनी, समोर असा माणूस बसलेला असेल तर निदान 'गाळू नकोस' म्हणण्याआधी 'गळलेत' हे मनात म्हणून बघावं. त्यानंतर काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. गॅस पेटवायचा राहिला असेल तर तो पेटवावा.